दस्तगीरभाईंचा टिचक्या

दस्तगीरभाई, तुम्हाला माती देऊन आज अठरा दिवस झाले आणि मला एका जागी बसवत नाही. तापाच्या साथीमुळे शाळा बंद आहे. घरात बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की पाय टाउन हॉलच्या बागेकडे वळतात, आणि बागेत शिरलो की पाच मिनिटांत परत फिरतो. परवा असा तीनदा गेलो. माळ्यानं शेवटी विचारलंच, "काय हरिवलंय काय मास्तर?" मी "छे, छे" म्हणालो आणि तसाच चालू लागलो. आज म्हटलं, लिहून बघू. हातात काही धरलं की निदान हात तरी जागेवर राहतो.

तुमच्या जनाज्याला माणसंच किती होती! या तापानं खांदा द्यायलाही कुणी मिळेनासं केलंय. तुमचा जावई, मशिदीतले चौघे, शिकारखान्यातला एक म्हातारा चित्तेवान, आणि मी. तुमचा दोस्त म्हणून ते मला पुढं घेत होते, वाट देत होते. प्रत्येक वेळी मनात यायचं, इथंच थांबावं आणि यांना सांगावं की बाबांनो, मला मागं राहू द्या, मी या माणसाशी खोटं बोललोय. थांबलो नाही. खांदा दिला. तुमचं वजन काहीच राहिलं नव्हतं.

आपली ओळख झाली ती भांडणानंच. त्याला चार वर्षं झाली. बागेत शिरिषाच्या झाडाखाली मी वही घेऊन बसलो होतो. समोर बुंध्यावर सुतारपक्षी होता, बुलबुलाएवढा, काळा-पांढरा, कपाळ पिवळं. तो उडून जायच्या आत कागदावर उतरवायची मला घाई. तुम्ही मागून आलात, न विचारता वही उचललीत, नाकाला लागेल इतकी डोळ्यांजवळ नेलीत, आणि म्हणालात, "रंग झ्याक हाय. पर ह्येची शेपूट कुठं टेकलीया?"

"म्हणजे?"

"ही तर हवेत हाय की, पावणं. सुतार शेपटीवर बसतोय. दोन पाय आन् शेपूट, तिवई असती त्येची. तुमचा सुतार आत्ता पडंल बगा खाली."

मी चिडलो. मी दरबारच्या शाळेतला ड्रॉइंग मास्तर, आणि मळकट फेटा बांधलेला हा कोण मला चित्र शिकवणार? पण मान वर केली तर पक्षी खरंच शेपटी झाडाला रेटून बसला होता. इतकी वर्षं पक्षी काढत होतो आणि ते पाहिलं नव्हतं. खोडरबर काढलं. तुम्ही शेजारी मांडी घालून बसलात, जणू आपण रोजच तिथं बसतो.

मग कळलं की तुम्ही तीस वर्षं शिकारखान्यात ससाणे सांभाळणारे बाजदार होता. डाव्या मनगटावर ससाण्यांच्या नख्यांचे पांढरे वण होते. महाराजांच्या स्वारीबरोबर दाजीपूर, गगनबावडा, सगळी रानं पायांखाली घातली होतीत. पुढं डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि ज्याला उडालेला ससाणा दिसत नाही त्याच्या हातावर ससाणा कोण ठेवणार? घरी बसलात. म्हणजे घरी कुठले, बागेत. बागेमागच्या गल्लीत तुमचं घर, आणि उजाडलं की तुम्ही बागेत. डोळ्यांपुढं धुकं, पण कानांना सगळं दिसायचं. "त्यो बगा तांबट. त्येच्याखाली दोन वटवटे भांडाय लागल्यात." मी शोधत बसायचो. पाच मिनिटांनी सापडायचे, तुम्ही सांगितलेल्या फांदीवर.

आमची धाकटी लेक गेली त्या वर्षीची गोष्ट मी कधी तुमच्याजवळ बोललो नाही. महिनाभर मी घराबाहेर पडलो नव्हतो. लोक येत, समजावत, जात. तुम्ही समजावायला आला नाहीत. एका सकाळी शुक्रवार पेठेत आमच्या दारासमोर उभं राहून हाक मारलीत, "मास्तर, हळद्या आलाय. चला." मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच हाक. चौथ्या दिवशी मी चपला घातल्या. वाटेत तुम्ही तिच्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीत, फक्त माझ्या दंडाला धरून चाललात. मला वाटलं तुम्हाला दिसत नाही म्हणून धरलंय. आता वाटतं, ते तसं नव्हतं.

असा माणूस. आणि मी त्याच्याशी असं वागलो.

तुम्हाला आठवत असेल, तक्त्यांचं काम मला मिळालं तेव्हा पहिली बातमी तुम्हालाच दिली. खेड्यापाड्यांत दरबारच्या नव्या शाळा निघत होत्या आणि त्यांच्या भिंतींवर लावायला गावातल्या पक्ष्यांची चित्रं हवी होती. बारा पक्षी, शिळाछापावर. अकरा आपण बसल्या बसल्या ठरवले. बाराव्यावर अडलं.

"टिचक्या घाला," तुम्ही म्हणालात.

"कोण टिचक्या?"

"बारका सुतार. चिमणीएवढा. टिचकी मारल्यागत आवाज करतोय, टिक्, आन् मग बारीक किर्रर्र. गगनबावड्याच्या रानात लई बगितला, शिकारखान्यात आमी त्येला टिचक्याच म्हनायचो. ह्या बागंत हाय त्यो. रोज सकाळी बोलतोय."

मी हसलो. चिमणीएवढा सुतारपक्षी मी जन्मात पाहिला नव्हता. म्हटलं, तुम्ही त्या पिवळ्या कपाळाच्या सुताराचं पिल्लू ऐकलं असेल.

"पिल्लू? सुताराचं पोर ढोलीतनं भाईर पडतंय तवा आईएवढं झालेलं असतंय, मास्तर. चिमणीएवढं पोर ढोलीत असतंय, झाडावर न्हाय. आन् पोर असतं तर रोज, बारा म्हैनं पोरच राहील व्हय?"

"बरं. पण तुम्ही तो पाहिलात गगनबावड्याला. रानातला पक्षी शहरात कशाला येईल?"

"त्येला काय ठाव, ही म्युनिसिपालटीची हद्द हाय! त्येला वाळकी फांदी दिसती, त्यो येतोय."

हे आपलं भांडण वर्षभर चाललं. रोज सकाळी तुम्ही बोट वर करायचात, "बोलला." मी झाडाखाली मान मोडेस्तोवर बघायचो. मला ऐकू यायचं ते पोपटांचं किंचाळणं आणि साळुंक्यांचा कालवा. तुम्ही शिकवलंत कसं शोधायचं ते. बुंध्याकडं बघू नका, बुंधा मोठ्या सुताराचा. हा वर शेंड्याला असतो, बोटाएवढ्या वाळक्या काटक्यांवर, कधी काटकीच्या खालून उलटा लटकून. चिमण्या-वटवट्यांचा थवा झाडातून सरकत गेला की त्याच्या मागं मागं हाही असतो. आवाज आला की लगेच बघू नका, तीन श्वास थांबा, तो दुसऱ्यांदा हलेल. मी सगळं केलं. दिसला नाही. शाळाखात्याचे साहेब बाराव्या चित्राची आठवण करून देत होते.

त्या मार्गशीर्षात एका सकाळी माझा तोल गेला. तुम्ही म्हणालात, "काढा की मास्तर, मी सांगतो तसा काढा." आणि मी म्हणालो, "दस्तगीरभाई, ज्याला समोरचं माणूस ओळखू येत नाही त्याच्या शब्दावर मी पक्षी काढू?"

तुम्ही उठलात. काठी घेतलीत, फाटकाकडे गेलात. त्या दिवशी तुम्ही फाटकाच्या खांबाला धडकलात, कारण मी दंड धरायला उठलो नाही. हे मी पाहिलं. बसूनच पाहिलं. नंतर दीड महिना तुम्ही बागेत आला नाहीत, आणि तुमच्या घरापर्यंतची दोनशे पावलं मी चाललो नाही.

आता जे तुम्हाला सांगायचं राहिलं ते सांगतो.

माघात मला टिचक्या दिसला. सकाळचं ऊन नुकतं शिरिषाच्या शेंड्यावर आलं होतं, वाळक्या शेंगा वाजत होत्या. वटवट्यांचा थवा आला, आणि त्यात ऐकलं, टिक्, मग किर्रर्र. इतकं बारीक की शेंगांच्या आवाजात बुडून जावं. मी तीन श्वास थांबलो. मग शेंड्याच्या काटकीवर काहीतरी सरकलं, काटकीला वळसा घालून खालच्या बाजूला गेलं, उलटं लटकलं. चिमणीएवढंच. डोकं फिकं तपकिरी, त्यावर पिवळं नाही, लाल नाही. पाठीवर गडद आणि पांढऱ्या आडव्या पट्ट्या. डोळ्यामागून मानेकडे गेलेला तपकिरी पट्टा. बुबुळ पांढुरकं. मोठ्या सुताराच्या पोटाशी लाल डाग असतो, तो नव्हता. आणि शेपूट काटकीला टेकलेली, दस्तगीरभाई, तुमची तिवई. तो टिक् टिक् टोचत होता आणि लाकडाचा भुसा उन्हात खाली तरंगत येत होता. दूर दुसरा बोलला. जोडी होती.

मी सगळं टिपलं. आठ दिवस रोज जाऊन पाहिला. पोटाखालच्या रेघासुद्धा मोजल्या. हे सगळं बघत असताना तुमचं घर दोनशे पावलांवर होतं.

का आलो नाही? लाज होती, हे खरं. पण नुसती लाज नव्हती. चित्र पुरं करून मी साहेबांकडं नेलं. ते खूश झाले. त्यांच्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी तो शोधला, वर्णन जुळलं. म्हणाले, "शहरात हा कुणी नोंदवलेला नाही. तुम्ही शोधलात?" आणि मी म्हणालो, "होय." एवढंच. एक शब्द. पंधरा वर्षं मी पोरांना कुंड्या आणि सुरया काढायला शिकवतोय. माझ्या चित्राखाली कधी माझा उल्लेख आला नव्हता. तक्ता छापून आला तेव्हा खाली ओळ होती: "लहान सुतार. शहरातील बागेत चित्रकारास प्रथम आढळला." टिचक्या हे नावसुद्धा मी घातलं नाही.

फाल्गुनात तुम्ही आपण होऊन बागेत आलात. जणू काही झालंच नव्हतं. "काय मास्तर, बरं हाय न्हवं?" मी पुन्हा तुमचा दंड धरायला लागलो. रोज सांगेन म्हणायचो. रोज राहून जायचं. तक्ता शाळांमधून गेला. तुम्हाला वाचता येत नाही, दिसत नाही, तुम्हाला कोण सांगणार, असा विचार मी केला. होय, केला.

आणि मग ती श्रावणातली सकाळ. झाडं निथळत होती, बाक ओला होता म्हणून आपण उभेच होतो. तुम्ही बोट वर केलंत. "मास्तर, बोलला. अगदी तुमच्या डोस्क्यावर हाय."

होता. हात उंचावला तर लागेल इतका खाली, आंब्याच्या वाळक्या डहाळीवर. पावसानं भिजून पिसं चिकटलेली, एवढासा झालेला. मी श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिलो.

"दिसला?" तुम्ही विचारलंत.

"नाही," मी म्हणालो.

तुम्ही बोट खाली घेतलंत. मग म्हणालात, "बरं. ऱ्हाऊ द्या. चला, च्या घेऊ."

दसऱ्यानंतर ताप आला. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. मला निरोप आला तेव्हा घरचे तुम्हाला न्हाऊ घालत होते.

आठव्या दिवशी मी तुमच्या घरी गेलो. तुमची मेहरून उंबऱ्यात बसून वाकळ शिवत होती. म्हटलं, "मेहरून, मला तुझ्या अब्बांना काहीतरी सांगायचं होतं. राहून गेलं."

तिनं सुई थांबवली नाही. "तक्त्याचं व्हय?"

मी उंबऱ्यापाशी खाली बसलो.

"गल्लीतल्या शाळंत लावलाय त्यो. माजी पोरगी शिकती तितं. तिनं येऊन अब्बांस्नी सांगितलं, नाना, तुमचा टिचक्या भिंतीवर हाय."

"कधी?"

"आषाढात."

आषाढात, दस्तगीरभाई. म्हणजे श्रावणातल्या त्या सकाळी तुम्हाला सगळं ठाऊक होतं. 

"काय म्हणाले?"

"हसले. 'दिसला! मास्तरला दिसला!' म्हणून समद्या गल्लीत सांगत सुटले. मग पोरीला खालची वळ वाचाय लावली. ती वाचली, आन् गप बसले. मला राग आला. म्हटलं, जाऊन ईचारा की त्यास्नी. तर म्हटले, न्हाय. मास्तर आपनहून सांगंल. मानूस बरा हाय. येळ लागतोय त्याला."

मी तिथून उठलो तो थेट रंकाळ्यापर्यंत चालत गेलो, तिथून पंचगंगेच्या घाटावर, तिथून परत. पाय दुखून आले तरी थांबवेना. तुम्ही मला शिवी दिली असतीत तर मी घरी जाऊन झोपलो असतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडं गेलो आणि सांगितलं. त्यांनी विचारलं, "तेव्हा का बोलला नाहीत?" मग ते म्हणाले, ओळ बदलायची तर बदला, पण पुढचे तक्ते, प्राण्यांचे, ते दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. म्हटलं, ठीक आहे. सांगायला हवं, मला ते लागलं. मी काही साधू झालेलो नाही. त्या कामाची मी वर्षभर वाट पाहिली होती.

विलायतेतल्या लढाईमुळे कागद मिळत नाही, म्हणून छापखान्यात दुसऱ्या छपाईचं काम अडून पडलं होतं. तेवढंच बरं झालं. नाहीतर दगड घासून त्यावर एव्हाना कुणाच्या तरी लग्नपत्रिका निघाल्या असत्या. टिचक्याचा दगड कोपऱ्यात तसाच होता. जुनी ओळ मी खरवडून काढली. शिळाछापावर अक्षरं उलटी लिहावी लागतात, उजवीकडून डावीकडं. मला त्याची सवय आहे, तरी तुमच्या नावाला दोनदा चुकलो. छापणारा म्हणाला, "मास्तर, दोनदा चुकलासा, मी लिवू?" म्हटलं, नको. आता तिथं असं आहे: "टिचक्या, लहान सुतार. शहरातील बागेत दस्तगीर बाजदार यांनी आवाजावरून प्रथम ओळखला." एक प्रत काढून घेतली, शाई वाळायच्या आत मेहरूनकडं नेली.

तिनं ती लेकीकडून वाचून घेतली. दोनदा. मग मला म्हणाली, "आता आनलासा व्हय? ते असताना कुठं हुता?" आणि रडली. तुमच्या मयताच्या दिवशी ती रडताना मी पाहिली नव्हती. चुकलं म्हणावं, तर ते कुणाला म्हणायचं होतं तो माणूस घरात नव्हता.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "खरंच असतोय का त्यो? का नुसता अब्बांच्या कानात हुता?"

"असतो. तू कधी पाहिला नाहीस?"

"बागंत मी कशाला जाते! घरचं काम कोन करनार?"

आज सकाळी तिला घेऊन गेलो. पदर डोक्यावर घट्ट ओढून ती शिरिषाखाली उभी राहिली. मी तिला फांदी दाखवली. तांबट बोलला, बुलबुल आले, मोठा सुतार बुंध्यावर वाजवून गेला. तास झाला. टिचक्या आला नाही. मी या फांदीवरून त्या फांदीवर नजर टाकत होतो, पाय बदलत होतो, आणि शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं. "मेहरून, श्रावणात मला तो इथंच, त्या आंब्यावर दिसला होता. अब्बांनी विचारलं, आणि मी नाही म्हणालो."

ती वरच बघत होती. "ठाव हाय," म्हणाली. "अब्बांस्नी बी ठाव हुतं. घरी येऊन सांगितलं त्येनी. म्हटले, मास्तर न्हाय म्हनाला, पर त्येनं दम रोखून धरला हुता. दिसल्याबिगर मानूस असा दम रोखत न्हाय."

मी ओल्या गवतावर बसलो, दस्तगीरभाई. ती थांबली. मग ऊन चढायला लागलं तशी म्हणाली, "उठा. न्हाय आला तर न्हाय आला. उद्या येऊ की."